बिनभांडवली

विद्यार्थ्यांनी धंद्यात पडावं असं सरकारला वाटू लागलं, तेव्हाच हे काम ज्याने जन्मात धंदा केला नाही अशा माणसाच्या गळ्यात पडणार हे उघड होतं. महाविद्यालयात अशा माणसांचा तुटवडा नसतो. त्यांतला एक निवडायचा, एवढीच अडचण. आमच्या भिवंडीच्या महाविद्यालयात ती एका सभेत सुटली. उद्योजकता कक्ष काढण्याचं परिपत्रक प्राचार्यबाईंनी वाचून दाखवलं, तेव्हा जुन्याजाणत्यांनी लगेच माना खाली घालून डायऱ्या उघडल्या. अर्थशास्त्राच्या एका सरांनी मात्र मनापासून विचारलं, "मॅडम, यातलं इन्क्युबेशन म्हणजे आपण नेमकं करायचं काय?" बाईंनी पेनचं टोपण काढलं. सभेच्या इतिवृत्तात तो प्रश्न नाही, फक्त नियुक्ती आहे.

तेव्हापासून ते समन्वयक सर. ही जमात आता राज्यभर आढळते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य असं खातं आणलं. २०१८ मध्ये केंद्राने महाविद्यालयांत इनोव्हेशन कौन्सिल काढायला लावल्या, राज्याचं स्टार्टअप धोरणही त्याच वर्षी निघालं, आणि २०१९ मध्ये विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय धोरण आलं. हे सगळं वरून निघतं आणि पायरी पायरी उतरत जिन्याखालच्या खोलीत येऊन थांबतं. तिथे समन्वयक बसलेला असतो. खुणा सोप्या आहेत. गळ्यात मागच्या कार्यशाळेचं ओळखपत्र, पाठीला लॅपटॉपची सॅक, मोबाइलमध्ये फोटोंनी जागा संपलेली, आणि तोंडात 'इकोसिस्टीम'. कँटीनमधला चहा गार निघाला तरी सर म्हणतात, "आपली एकूण इकोसिस्टीमच सुधारली पाहिजे."

मी मराठीचा. कक्षात मला घेतलं ते अहवाल लिहायला आणि सूत्रसंचालनाला. मराठीच्या माणसाचा तिसरा उपयोग अजून कुठल्या परिपत्रकात आलेला नाही.

कक्षाच्या खोलीत राष्ट्रीय सेवा योजनेची कुदळ-फावडी, एक पाय गमावलेला कॅरम आणि सर असतात. कक्षाचं अंदाजपत्रक शून्य. पण सरांनी हे शून्य ज्या हिकमतीने चालवलं, ती पाहत राहावी. कल्याण नाक्यावर बॅनर छापणारा एक माजी विद्यार्थी गाठून त्यांनी एकच बॅनर करून घेतला. त्यावर कार्यक्रमाचं नाव नाही, तारीख नाही, पाहुणा नाही. मध्ये एक कोरा चौकोन. त्यात दरवेळी कागद चिकटवायचा. खुर्च्या जिमखान्याच्या, माइक गणेशोत्सव मंडळाचा, श्रोते वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या तासाचे. त्या तासाचे प्राध्यापक याबद्दल सरांचे कायमचे ऋणी आहेत. कार्यक्रम संपला की जिओ-टॅगचा फोटो. त्यात अक्षांश-रेखांश उमटावे लागतात, नाहीतर महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या लेखी कार्यक्रम झालाच नाही असं धरतात. सिग्नल खोलीत येत नाही, म्हणून कार्यक्रम आत आणि फोटो बाहेर, सायकलस्टँडपाशी. आमच्या अहवालांतली तमाम उद्योजकता सायकलस्टँडपाशी घडलेली आहे.

आता भिवंडीच्या पोरांना धंदा शिकवायचा म्हणजे काय, हे जरा सांगितलं पाहिजे. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. त्याच सालच्या उठावानंतर उत्तरेकडचे विणकर दक्षिणेकडे सरकू लागले आणि त्यांतली काही घराणी इथे येऊन टेकली. म्हणजे विद्यापीठ आणि गावातला माग जवळपास एका वयाचे. दीडशे वर्षं दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. विद्यापीठाने पदव्या दिल्या, मागाने कापड दिलं. दोघांची गाठ पडली ती सरांच्या वर्गात, आणि पहिल्याच दिवशी विद्यापीठाची पंचाईत झाली.

सर फळ्यावर ब्रेक-इव्हन पॉइंट काढत होते. स्थिर खर्च, बदलता खर्च, दोन रेषा, जिथे छेदतात तो बिंदू. आकृती सुरेख आली. मागच्या बाकावरच्या मोमीन मुलाने विचारलं, "सर, पिक का भाव क्या पकड़ा?" सरांना पिक म्हणजे शेतातलं पीक वाटलं. ते पावसाकडे वळले. मुलगा उठून फळ्याशी आला. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, ते पिक. ५२ पिकाचं कापड, पिकाला समजा १० पैसे, तर मीटरला मजुरी ५ रुपये २० पैसे. त्यातून विणणाऱ्याचे इतके, कांडी भरणाऱ्याचे इतके, विजेचे इतके, धोटा तुटला तर इतके, आणि सूत देणाऱ्या व्यापाऱ्याने ताक्यात डाग काढला तर उरलं ते सगळं त्याचं. "इसलिए सर, वो दो लाइन जहाँ मिलती हैं ना, वहाँ अब्बा ने छह साँचे भंगार में बेच दिए। किलो के भाव।" साँचे म्हणजे माग. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तो हिशेब वहीत उतरवून घेतला, आणि तास संपल्यावर खाली जाऊन मुलाकडून पुन्हा समजावून घेतला. तेव्हापासून मला हा माणूस आवडतो.

तरी व्याख्यानं सुटली नाहीत. त्यांचं सर्वांत आवडतं गॅरेज. १९३९ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो गावी ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघांनी ५३८ डॉलर घालून एका गॅरेजमध्ये कंपनी काढली. त्यांना त्या वाटेला लावलं त्यांच्या प्राध्यापकांनी, फ्रेडरिक टर्मन यांनी. सरांचा जीव ह्यूलेटमध्ये नाही, पॅकार्डमध्येही नाही. तो टर्मनमध्ये आहे. हा प्रसंग सांगताना ते टर्मनचं नाव किंचित थांबून घेतात. भिवंडीच्या वर्गाला मात्र वेगळाच अचंबा. एवढी जागा रिकामी कशी होती? इथे तेवढ्या जागेत चार माग चालतात आणि वरच्या पोटमाळ्यावर रात्रपाळीवाले दिवसा झोपतात. राहनाळकडच्या एका आगरी मुलाने मुद्द्याला हात घातला. "सर, गॅरेजचा भारा किती होता?" भाडं सांगता येईना, तेव्हा तो म्हणाला, "मंग धंदा कशाला केला? गाला भाऱ्यानी दिला का झाला!" त्याच्या वाडवडिलांच्या भातखाचरांवर आज गोदामं उभी आहेत. मुंबईची जकात चुकवायला व्यापाऱ्यांचा माल खाडीच्या अलीकडे थांबू लागला, तेव्हा गोदामं आली. जकात गेली, गोदामं वाढतच राहिली. त्याला ह्यूलेट-पॅकार्डची कीव येणं साहजिक होतं.

सरांचं दुसरं दैवत लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, बढतीत डावलले गेले, बाहेर पडले. बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान, १९०३ मध्ये लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. नांगर आधी खपेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. इथे सरांचा आवाज भरून येतो. "लक्षात ठेवा बाळांनो, लक्ष्मणराव मुळात शिक्षक होते!" पहिल्या बाकावरची मुलगी निरागसपणे म्हणाली, "पण सर, त्यांनी नोकरी सोडली ना?" सरांनी खडू ठेवला. "बाळा, तेव्हा सातवा वेतन आयोग नव्हता."

टीव्हीवर 'शार्क टँक' आल्यापासून तशीच स्पर्धा घेण्याचा विचार सरांच्या डोक्यात घोळत होता. परीक्षक म्हणून मुंबईहून एक मोठे सल्लागार यायचे ठरले. अकराचा कार्यक्रम. साडेदहाला त्यांचा फोन आला, "माणकोलीला आहे." साडेअकराला आला, "माणकोलीलाच आहे." मुंबई-नाशिक महामार्ग माजिवड्यापासून वडप्यापर्यंत रुंद होण्याचं काम तेव्हा चाललं होतं. ते पुरं होईपर्यंत भिवंडीतल्या कुठल्याही कार्यक्रमाला पाहुण्यांचं आगमन ही श्रद्धेची बाब होती. स्वागतगीत दोनदा झालं. मी सूत्रसंचालनात नवोन्मेष शब्द संपवून प्राचीन भारतीय वस्त्रकलेपर्यंत मागे गेलो. शेवटी दापोड्याचा एक मुलगा सरांच्या कानाशी लागला, "सर, त्यांना सांगा गाडीतनं उतरा. डाव्या बाजूला बघा, मी येतो." मोटारसायकल काढून तो गोदामांच्या आतल्या गल्ल्यांतून गेला, आणि सल्लागारांना मागे बसवून वीस मिनिटांत घेऊन आला. त्यांच्या कोटाला सिमेंटचा रंग आला होता. गाडी कार्यक्रम संपल्यावर पोचली. सल्लागारांनी 'लास्ट माइल डिलिव्हरीची आव्हानं' या विषयावर पाऊण तास मार्गदर्शन केलं. ते आव्हान नुकतंच पार केलेला मुलगा मागे उभा राहून वडापाव खात होता. कार्यक्रमानंतर त्याने सरांकडून पेट्रोलचे शंभर रुपये मागून घेतले. सरांना जरा वाईट वाटलं. मला तो त्या दिवसातला एकमेव चोख व्यवहार वाटला.

स्पर्धेत अॅप फार आली. भिवंडीत पार्किंगची मोकळी जागा दाखवणारं अॅप. कुठला रस्ता तुंबलाय ते सांगणारं अॅप, ज्याला एकच उत्तर पाठ असलं तरी चाललं असतं. लग्नात उरलेलं अन्न ड्रोनने पोचवणारं अॅप पहिलं आलं, कारण त्यात नकाशा हलत होता. ते पुढे कुठे गेलं ते विचारू नका. मुलगा आता गोदामात सुपरवायझर आहे आणि अन्न डब्यात नेतो.

बक्षीस वाटून झाल्यावर सरांना कुणीतरी सांगितलं की तृतीय वर्ष बी. कॉम.ची एक मुलगी घरी अबाया शिवून विकते. आई आणि शेजारच्या दोघी शिवायला, ही कापड निवडायला, फोटो काढायला, इन्स्टाग्रामवर भाव बोलायला. माल मुंब्र्यापर्यंत, कुर्ल्यापर्यंत जातो. सर धावतच गेले. "अगं, मग स्पर्धेत भाग का नाही घेतलास?" ती गोंधळली. "सर, वो आयडिया थोड़ी है। वो तो काम है।"

या वाक्याचा सरांवर झालेला परिणाम आम्ही सगळ्यांनी पाहिला. दोन दिवस 'इकोसिस्टीम' ऐकू आलं नाही. मग त्यांनी वर्गावर्गांत जाऊन एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "घरी काय चालतं?" आणि गाव बोलू लागलं. कुणाचं वार्पिंग, कुणाचं सायझिंगचं खातं, कुणी चिंधी गोळा करून गॅरेजवाल्यांना मशीन पुसायला विकतो. पद्मानगरातल्या एका मुलीचा फॉल-पिकोचा हात असा, की दिवाळीआधी महिनाभर ती वर्गात दिसत नाही. एकाने गोदामातून परत आलेल्या ऑनलाइन मालाचा लॉट घेतला होता. त्यात बूट निघाले, सगळे डाव्या पायाचे. तो खचला नव्हता. उजव्यांचा लॉट कुणाकडे गेला, त्याच्या शोधात होता. सर वहीत लिहीत होते आणि त्यांचा चेहरा, पाऊस पडून गेल्यावर पंचायतीचा दुष्काळाचा अर्ज मंजूर व्हावा तसा झाला होता. ज्या गोष्टीची लागवड करायला त्यांना नेमलं होतं, ती आधीच दाट उगवलेली होती, आणि सगळे तिला गैरहजेरी म्हणत होते.

मग त्यांनी मेळावा भरवला. पोरांनी स्टॉल लावले. दुपारपर्यंत गिऱ्हाईक फिरकलं नाही, कारण गिऱ्हाईक म्हणून यायची ती मुलं स्टॉलवर बसली होती. एकाही विद्यार्थ्याच्या मनात पहिल्याच दिवशी तोट्याची भीती बसू नये म्हणून सर स्टॉलमागून स्टॉल खरेदी करत सुटले. दोन अबाया, चिंधीची गोधडी, मसाला, अत्तर, आणि डाव्या पायाचा एक बूट. संध्याकाळी मी अहवालात एकूण उलाढाल लिहिली. ती सरांच्या पगाराशी चांगलीच जुळत होती. सरांच्या सौभाग्यवती त्यांना ओळखून आहेत. त्या म्हणाल्या, "हे दुकानात बसले तर गिऱ्हाईकाला चहा पाजून माल फुकट देतील, आणि वर विचारतील, काही अडचण नाही ना?" सातव्या वेतन आयोगातून उभं राहिलेलं एवढं साहसी भांडवल ठाणे जिल्ह्यात दुसरीकडे नसेल.

बँकेचं प्रकरण थोडक्यात. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं शिशू कर्ज विनातारण मिळतं, हे सरांनी छापून नेलं होतं. चिंधीवाल्या मुलाला घेऊन ते एका बँकेत गेले. दोन तासांनी बाहेर आले तेव्हा मुलाचा अर्ज विचाराधीन होता आणि सरांनी एक विमा पॉलिसी घेतली होती.

पण सरांची खरी करामत पुढे आहे, आणि ती वाचनातून आली. सरकारी धोरणं महाविद्यालयात येतात, फायलीला लागतात, पाहणीच्या दिवशी टेबलावर मांडतात. ती कुणी वाचत नाही. सरांनी २०१९ चं राष्ट्रीय धोरण सबंध वाचलं. त्यात एका कोपऱ्यात लिहिलं होतं की धंदा करणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी कमी भरली तरी संस्थेच्या परवानगीने त्याला परीक्षेला बसू देता येईल. सर तो कागद हातात धरून स्टाफरूममध्ये आले. निधी, मार्गदर्शक, इन्क्युबेशन, गेल्या सगळ्या वर्षांत पोरांनी यातलं काही मागितलं नव्हतं. त्यांना रमजानच्या महिन्यात, दिवाळीच्या आधी, मागाचा बीम बदलायच्या दिवशी वर्गातून सुटका हवी होती, आणि परीक्षेच्या वेळी हजेरीच्या यादीत नाव. एवढंच. हे देणं ज्यांच्या हातात होतं ते आम्ही सगळे त्यांना गॅरेजच्या गोष्टी सांगत होतो.

परवानगीच्या अर्जावर अर्थातच सहा सह्या लागतात. सर त्या गोळा करतात. कुणाचा मुलगा बारावीला आहे, कुणाला सकाळची सुपरव्हिजन नको असते, कुणाला चतुर्थीला लवकर जायचं असतं, हे सगळं त्यांना पाठ. एकाची सुपरव्हिजन दुसऱ्याला, दुसऱ्याचा तास तिसऱ्याला, आणि तिसऱ्याची सही अर्जावर.

नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट आले, तेव्हा तर त्यांना पंखच फुटले. मोमीन मुलाला त्यांनी त्याच्याच कारखान्यावर प्रशिक्षणार्थी म्हणून पाठवलं. नियमाने मूल्यमापन मालकाने करायचं, म्हणजे वडिलांनी. बाकीच्या कंपन्या डोळे झाकून पैकीच्या पैकी देतात. वडिलांनी चष्मा लावून फॉर्म वाचला, नियमितपणात अर्धे गुण कापले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'लड़का ठीक है। मोबाइल ज़्यादा।' विद्यापीठाच्या इतिहासात एवढं प्रामाणिक मूल्यमापन झालं नसेल असं मला वाटतं. मुलगा रडकुंडीला आला. सर मात्र त्या फॉर्मची झेरॉक्स काढून वर्गात दाखवतात.

त्याच मुलाने एकदा सरांना म्हटलं, "सर, आप तो पक्के दलाल हो।" मी हातातला चहा ठेवला. सरांचा चेहरा उतरला. मुलाने घाईने समजावलं. बाजारात दलाल म्हणजे शिवी नाही. दलालाकडे सूत नाही, साँचा नाही, ताका नाही, गोदाम नाही. फक्त कुणाकडे काय पडून आहे आणि कुणाला काय पाहिजे, हे त्याच्या डोक्यात असतं. तो एक दिवस आजारी पडला तर कापड आहे तिथेच राहतं. "अब्बा बोलते हैं, सेठ बदल जाए तो चलेगा, दलाल नहीं बदलना।" सरांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "दलाली किती असते रे?" मुलाने टक्का सांगितला. सरांनी तो वहीत लिहून घेतला. मिळवायला नाही, माहिती असावी म्हणून.

परवा कक्षाची पाहणी करायला बाहेरून समिती आली. बॅनरच्या चौकोनात कागद चिकटवला होता, कुदळी पडद्यामागे होत्या. अध्यक्षांनी ठरलेला प्रश्न विचारला, "तुमच्या कक्षातून किती स्टार्टअप बाहेर पडले?" सर उत्साहाने म्हणाले, "सगळेच बाहेर आहेत, सर. आज एकही वर्गात नाही." प्राचार्यबाईंनी डोळे मिटले. सरांनी सह्यांची फाइल पुढे केली आणि अबायावाल्या मुलीला फोन लावला. ती ऑर्डर पोचवायला निघाली होती, वाटेत पाच मिनिटं कक्षात थांबली. पिशवी उघडून तिने माल दाखवला. समितीतल्या एका बाईंनी कापड बोटांनी चोळून पाहिलं, भाव विचारला, घासाघीस केली. पोरगी वीस रुपयांहून जास्त उतरली नाही. बाईंनी मुंब्र्याच्या मैत्रिणीसाठी एक सांगितली आणि मोबाइलवरून पाचशे रुपये आगाऊ दिले. मुलीने रक्कम आल्याचा आवाज ऐकला, सलाम केला आणि गेली.

सर माझ्या खुर्चीमागे येऊन वाकले आणि कुजबुजले, "अहवालात 'बाह्य संस्थांकडून प्राप्त निधी' असा रकाना आहे ना, दरवर्षी आपण निरंक लिहितो तो? तिथे पाचशे लिहा. आणि सगळ्यांना जरा सायकलस्टँडकडे घ्या."